एआय साधन चालते, पण देखरेखीत काहीच दिसत नाही: लिनक्सवरील समस्या निवारण

लिनक्सच्या यंत्रावर कोड लिहिणारा एआय सहायक बसवला, कोणी स्वतःचे भाषा-मॉडेल चालवले, त्याला चार छोटी साधने जोडली, सुरक्षेसाठी या सगळ्यांच्या संवादावर नजर ठेवण्याची सोयही केली, आणि तरीही नोंदी रिकाम्या राहिल्या किंवा भलतेच काही दाखवू लागल्या, हा दोष मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की तक्रार पुरती ऐकण्याआधीच माझे दोन प्रश्न ठरलेले असतात. कमांड सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, चालवली होती का, आणि ते साधन कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातच केलेल्या वेगळ्या कप्प्यात, आहे का? देखरेखीचा प्रोग्रॅमच बिघडला आहे असे क्वचित निघते. बहुधा संवाद एका वाटेने जात असतो आणि आपला पहारा दुसऱ्याच वाटेवर बसलेला असतो, म्हणून पुढील तपासण्या फुकट आणि पाच मिनिटांच्या कामापासून सुरू करून अवघड कामाकडे नेल्या आहेत.

लक्षणे

साधन उत्तरे देत असते, पण त्याच क्षणी एसएसच्या, म्हणजे चालू नेटवर्क-जोडण्या दाखवणाऱ्या कमांडच्या, यादीत त्याची एकही जोडणी नसते. जोडणी दिसते, पण प्रोसेसचा रकाना कोरा असतो. पत्ता दिसतो, पण तो एखाद्या मोठ्या क्लाउड पुरवठादाराचा असल्याने पलीकडे नेमकी कोणती सेवा आहे हे कळत नाही. प्रॉक्सी, म्हणजे संवाद आपल्यामधून जाऊ देणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, लावल्यावर साधन प्रमाणपत्राच्या त्रुटीने अडते, किंवा, जे अधिक फसवे आहे, सुरळीत चालते आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये मात्र एक ओळही उमटत नाही. कोणी वापरत नसताना मध्यरात्री जोडण्या होतात. फायरवॉलमध्ये बंद केलेला पोर्ट दुसऱ्या यंत्रावरून उघडा सापडतो.

यातले शेवटचे लक्षण असेल तर क्रम सोडून आधी दुसरी तपासणी करावी. बाकीची लक्षणे देखरेखीतील त्रुटी दाखवतात; ते मात्र उघडे राहिलेले दार आहे.

पहिली तपासणी: कमांड पूर्ण हक्काने आणि पुऱ्या पर्यायांसह चालवणे

एसएस सुडोशिवाय चालवली तर जोडण्या सगळ्यांच्या दिसतात, पण प्रोसेसची नावे फक्त आपल्या खात्यातील प्रोसेसची दिसतात. स्थानिक मॉडेलचा सर्व्हर बहुधा स्वतंत्र सेवा-खात्यावर चालतो, त्यामुळे त्याचा रकाना कोरा राहतो आणि पाहणाऱ्याला काहीतरी लपवले जात असल्याचा संशय येतो. सुडोसह टी, यू, ए, एन आणि पी हे पाचही पर्याय द्यावेत. यू (यूडीपी) आणि ए (सर्व अवस्था) यांचा कंटाळा करू नये. क्विक हा प्रोटोकॉल यूडीपीवर, म्हणजे टीसीपीहून वेगळ्या वाहतूक-पद्धतीवर, चालतो, एचटीटीपी ३ त्याच्यावरच उभा आहे, आणि क्रोमियमच्या पायावर बांधलेले संपादक तो वापरू शकतात. नुसत्या टीसीपीच्या यादीत ती वाहतूक कधीच येणार नाही.

सुडो वापरूनही रकाना कोरा असेल तर जोडणीची अवस्था पाहावी. टाइम-वेट अवस्थेतील जोडणी प्रोसेसने सोडून दिलेली असते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती नियमाप्रमाणे थोडा वेळ सांभाळत असतो, म्हणून तिला मालक नसणे हा दोष नव्हे. दुसरी अडचण वेळेची आहे. एसएस म्हणजे त्या क्षणाचे छायाचित्र. भाषा-मॉडेलचे उत्तर शब्दाशब्दाने येत असते तोवर जोडणी उघडी राहते आणि सहज सापडते, पण वापराची आकडेवारी धाडणारी किंवा नवी आवृत्ती आली का हे विचारणारी जोडणी दोन छायाचित्रांच्या मधल्या फटीतून निसटते. एसएसला मोठ्या ई अक्षराचा पर्याय दिला तर बंद होत जाणारी सॉकेट (जोडणीची टोके) ती एकामागून एक दाखवत राहते. तिथे प्रोसेसचे नाव मिळत नाही, पण पत्ता तरी हाती लागतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच मध्यरात्रीचे कोडे सुटते.

दुसरी तपासणी: कोण कुठे ऐकत बसले आहे

बाहेर जाणाऱ्या संवादाच्या मागे लागून आत येऊ शकणाऱ्या संवादाकडे दुर्लक्ष होते, हे मी वारंवार पाहिले आहे. एसएसला एल हा पर्याय जोडून ऐकणारे पोर्ट पाहावेत. ओलामा या स्थानिक मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा ठरलेला पोर्ट ११४३४ आहे आणि मुळात तो १२७.०.०.१ वरच ऐकतो, म्हणजे त्याच यंत्रापुरता मर्यादित असतो. दुसऱ्या यंत्रावरून वापरता यावा म्हणून कोणीतरी ओलामा_होस्ट या व्हेरिएबलमध्ये ०.०.०.०, म्हणजे यंत्राचे सर्व पत्ते, लिहितो, काम झाल्यावर ते तसेच राहून जाते, आणि त्या स्थानिक सेवेपुढे पासवर्डाची काही अट नसल्यामुळे पोर्टापर्यंत पोचणारा कोणीही मॉडेल वापरू शकतो, उतरवू शकतो, काढूनही टाकू शकतो. सेवा सिस्टिमडीखाली, म्हणजे लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाखाली, चालत असेल तर हे व्हेरिएबल सेवेच्या व्याख्येत शोधावे. आपल्या शेलमध्ये ते दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

फायरवॉलने बंद केलेला पोर्ट उघडा सापडण्याचे नेहमीचे कारण डॉकर हा कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम आहे. कंटेनरचा पोर्ट प्रसिद्ध केला, म्हणजे बाहेरून वापरता येईल असा खुला केला, की डॉकर पॅकेटे वळवण्याचे स्वतःचे नियम लिहितो, आणि ती पॅकेटे यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नेहमीच्या नियमांपर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्या वाटेला लागतात. पोर्ट प्रसिद्ध करताना त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहिणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ते शक्य नसेल तर नियम डॉकर-यूजर या साखळीत घालावा, कारण ती वापरकर्त्यांच्या नियमांसाठीच ठेवलेली आहे. बदल केल्यावर खात्री दुसऱ्या यंत्रावरूनच करावी. त्याच यंत्रावरून केलेली चाचणी येथे काहीच सिद्ध करत नाही.

तिसरी तपासणी: साधन वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये आहे का

प्रत्येक कंटेनरला सहसा स्वतःची नेटवर्क नेमस्पेस (कर्नलने वेगळी ठेवलेली नेटवर्कची जागा) असते आणि यजमान यंत्रावर चालवलेल्या एसएसला तिच्यातील सॉकेट दिसत नाहीत. एलएसएनएस ही कमांड नेटवर्क प्रकारासह चालवली की अशा नेमस्पेसची यादी मिळते, आणि एनएस-एंटरला त्या प्रोसेसचा क्रमांक देऊन तिच्या आत एसएस चालवता येते. त्यासाठी कंटेनरमध्ये काही बसवावे लागत नाही, कारण एसएस यजमानाचीच वापरली जाते. रूट, म्हणजे प्रशासकाच्या, हक्काशिवाय चालवलेल्या पॉडमॅन या डॉकरसारख्या प्रोग्रॅमची गंमत वेगळी आहे. तिथे बाहेरची जोडणी पास्ता नावाचा मदतनीस करतो, त्यामुळे यजमानाच्या यादीत एआय साधनाऐवजी पास्ता दिसतो, आणि हे ठाऊक नसलेला माणूस त्या प्रोसेसलाच घुसखोर समजून बंद करतो.

चौथी तपासणी: संवाद मुळात नेटवर्कवरून जातो का

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे, म्हणून इथे थोडे थांबतो.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. एआय सहायकाला फायली, डेटाबेस किंवा इतर सेवा वापरू देणारी साधने आता बहुधा याच पद्धतीने जोडली जातात. त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत: एक एचटीटीपीची आणि दुसरी प्रमाणित इनपुट-आउटपुटची. दुसऱ्या वाटेत सहायक त्या साधनाला आपली उपप्रोसेस म्हणून सुरू करतो आणि दोघे जेएसओएन-आरपीसीचे, म्हणजे ठरावीक मजकूर-साच्यातले, संदेश एकमेकांच्या इनपुट-आउटपुटवर लिहितात. यात आयपी पत्ता नाही, पोर्ट नाही, पॅकेट नाही. पॅकेटे टिपणारा टीसीपीडंप दिवसभर चालवला तरी त्याला एक अक्षरही दिसणार नाही, कारण तारेवर काही उतरलेलेच नसते. आणि सुरक्षेच्या दृष्टीने नेमका हाच भाग महत्त्वाचा असतो: कोणती फाईल वाचायला सांगितली, कोणती क्वेरी चालवली, परत काय आले, हे सगळे याच संदेशांत असते.

आधी नाते पाहावे. पीएस-ट्री प्रोसेस-क्रमांकांसह चालवली की सहायकाच्या खाली लटकलेली साधने दिसतात. मग प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालील एफडी, म्हणजे तिने उघडलेल्या फायलींची यादी, पाहावी. शून्य (इनपुट) आणि एक (आउटपुट) हे क्रमांक पाइपकडे, म्हणजे दोन प्रोसेसमधील थेट नळीकडे, बोट दाखवत असतील तर शंका मिटली. ते सॉकेटकडे बोट दाखवत असतील तर लगेच नेटवर्क समजू नये. नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, आपल्या उपप्रोसेसशी बोलण्यासाठी पाइपऐवजी युनिक्स (यंत्राच्या आतल्याच) सॉकेटची जोडी वापरतो, आणि अनेक सहायक नोडवरच लिहिलेले असतात. या एका बाबीने मला स्वतःला एकदा अर्धा दिवस फिरवले आहे.

संदेश प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एस-ट्रेस, म्हणजे प्रोसेसने कर्नलला मारलेल्या हाका टिपणारा प्रोग्रॅम, त्या प्रोसेसला जोडून रीड, राइट आणि राइट-व्ही या हाकांपुरता मर्यादित ठेवावा. तो मजकुराची फक्त पहिली ३२ अक्षरे दाखवतो, म्हणून लहान एस पर्यायाने मर्यादा वाढवावी. अनेक वितरणांत चालू प्रोसेसला अशा रीतीने चिकटण्यास कर्नलची मनाई असते, तेव्हा सुडो लागेल. एस-ट्रेसमुळे प्रोसेस चांगलीच मंदावते, म्हणून तो चालू कामाच्या यंत्रावर तासभर सोडून देण्याची वस्तू नाही.

कायमची नोंद हवी असेल तर मधे एक छोटी शेल स्क्रिप्ट घालणे मला अधिक पसंत आहे. सहायकाच्या सेटिंगमध्ये साधनाच्या कमांडऐवजी या स्क्रिप्टचे नाव द्यायचे, आणि स्क्रिप्टमध्ये येणारा प्रवाह टी या, प्रवाह पुढे देत फाईलमध्येही लिहिणाऱ्या, कमांडमधून साधनाकडे व साधनाचा प्रवाह दुसऱ्या टीमधून सहायकाकडे न्यायचा, म्हणजे दोन्ही बाजू दोन फायलींत उतरतात. यात एकच पथ्य आहे: स्क्रिप्टने प्रमाणित आउटपुटवर स्वतःचे एक अक्षरही छापता कामा नये. "सुरू झाले" अशी निरुपद्रवी ओळही जेएसओएन म्हणून वाचली जाते आणि जोडणी तुटते. जे सांगायचे ते त्रुटींच्या प्रवाहावर लिहावे. या दोन फायलींत गुप्त कळा आणि खासगी मजकूर जसाच्या तसा येतो, म्हणून त्यांची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी आणि किती दिवसांनी पुसायच्या हे आधीच ठरवावे. देखरेखीसाठी केलेली नोंद हीच गळतीची जागा होऊ शकते.

जाता जाता त्याच सेटिंग फाईलवर नजर टाकावी. साधन एनपीएक्स या नोडची पॅकेजे उतरवून चालवणाऱ्या कमांडने, आवृत्ती न बांधता, सुरू केले जात असेल तर सुरू होताना पॅकेजांच्या सार्वजनिक नोंदवहीशी संपर्क होऊ शकतो. "अनोळखी जोडणी" म्हणून दाखवलेली बाब कित्येकदा हीच निघते. पण ती निरुपद्रवी मानून सोडू नये. आज तपासलेले पॅकेज उद्या वेगळे असू शकते, तेव्हा आवृत्ती बांधूनच टाकावी.

पाचवी तपासणी: पत्त्यामागचे नाव

अनेक सेवा एकाच पुरवठादाराच्या पत्त्यांमागे असतात, त्यामुळे पत्त्यावरून उलटे नाव शोधून काही हाती लागत नाही. नाव आधी विचारले जाते तेव्हाच पकडावे. सिस्टिमडीचा रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) वापरणाऱ्या नव्या वितरणांत रिझॉल्व्ह-सीटीएलच्या मॉनिटर या उपकमांडने नावांच्या चौकश्या चालू असतानाच दिसतात. कोणत्या प्रोसेसने विचारले ते मात्र तिथे कळत नाही, म्हणून इतर प्रोग्रॅम बंद ठेवून साधनाला एकच प्रश्न विचारावा आणि काय उमटते ते पाहावे.

साधन एचटीटीपीएसवरून स्वतःच नावे विचारत असेल तर ही नोंदही रिकामी राहील. तेव्हा टीसीपीडंपने ४४३ पोर्टची वाहतूक फाईलमध्ये घेऊन ती वायरशार्क या पॅकेटे वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचा मजकूर झाकणारी पद्धत, हिच्या १.३ आवृत्तीत सर्व्हरचे प्रमाणपत्र झाकले जाते, परंतु ग्राहकाच्या पहिल्या संदेशातील सर्व्हरचे नाव, तो संदेशही झाकण्याची नवी सोय वापरली नसेल तर, उघडेच जाते. मजकूर न उलगडता मिळणारी माहिती इथे संपते, आणि "हे साधन कोणाकोणाशी बोलते" एवढाच प्रश्न असेल तर पुढे जाण्याची गरज नाही.

सहावी तपासणी: प्रॉक्सी

मजकूरच पाहायचा असेल तर मिटमप्रॉक्सीसारखे साधन मधे ठेवावे लागते. लॉग रिकामा असेल तर साधनाने प्रॉक्सीला विचारलेच नाही, असे समजावे. एचटीटीपीएस_प्रॉक्सी हे व्हेरिएबल पाळणे ही कर्नलची सक्ती नसून प्रोग्रॅमची मर्जी आहे. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि गो भाषेचा नेहमीचा ग्राहक ते पाळतात, तर नोडचा अंगभूत फेच आपणहून पाळत नाही. शिवाय टर्मिनलमध्ये दिलेले व्हेरिएबल सिस्टिमडीच्या सेवेला मिळत नाही, आणि डेस्कटॉपच्या चिन्हावरून उघडलेल्या संपादकापर्यंतही ते पोचेलच असे नाही. प्रॉक डिरेक्टरीतील त्या प्रोसेसची एन्व्हायरन फाईल वाचली की सुरू होताना तिला काय मिळाले होते ते नेमके कळते. तर्क करण्यापेक्षा ती फाईल वाचणे केव्हाही स्वस्त.

मिटमप्रॉक्सीचा ठरलेला पोर्ट ८०८० आहे आणि लामा.सीपीपी या मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सर्व्हरचाही तोच आहे. दोन्ही एका यंत्रावर असतील तर एकाचा पोर्ट बदलावा.

प्रमाणपत्राची त्रुटी येत असेल तर प्रॉक्सीचे मूळ प्रमाणपत्र यंत्राच्या विश्वासयादीत घालणे बऱ्याचदा पुरत नाही, कारण नोड आपली स्वतःची यादी बाळगतो आणि पायथनच्या लायब्रऱ्या सर्टिफाय पॅकेजची यादी वाचतात. नोडसाठी नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स आणि रिक्वेस्ट्ससाठी रिक्वेस्ट्स_सीए_बंडल या व्हेरिएबलमध्ये प्रमाणपत्राची जागा द्यावी. प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करणारा उपाय कोणीही सुचवला तरी करू नये. चाचणीपुरते म्हणून केलेले ते बदल महिनोन्‌महिने तसेच राहिलेले मी पाहिले आहेत, आणि मग संवाद आपल्याखेरीज इतरांनाही वाचता येतो. एखादे साधन फक्त स्वतःचे ठरलेले प्रमाणपत्रच मान्य करत असेल तर त्याच्याशी झटापट करू नये. ते कोणाशी आणि किती बोलते एवढी नोंद ठेवून पुढे जावे.

सातवी तपासणी: वेगळे खाते, आणि कर्नलमधील नोंद

एवढे करूनही काही निसटत असेल तर साधनाला स्वतंत्र वापरकर्ता-खाते द्यावे आणि एनएफटेबल्सच्या, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलच्या, बाहेर जाणाऱ्या साखळीत त्या खात्याच्या क्रमांकावर, केवळ नव्या जोडण्यांपुरता, लॉगचा नियम लिहावा. प्रत्येक नव्या जोडणीची एक ओळ कर्नलच्या लॉगमध्ये येते. साधन प्रॉक्सी पाळो न पाळो, टीसीपी वापरो वा यूडीपी, क्षणभर बोलो वा तासभर. माझ्या मते या यादीतील हा सर्वांत कमी फसवणारा उपाय आहे, आणि वेगळ्या खात्यामुळे साधनाला आपल्या एसएसएच कळा वाचता येत नाहीत हा लाभ वेगळाच. दोन फटी मात्र लक्षात ठेवाव्यात: नावांच्या चौकश्या रिझॉल्व्हरच्या खात्यावरून बाहेर जातात, आणि डॉकरच्या कंटेनरची पॅकेटे पुढे पाठवण्याच्या साखळीतून जातात, त्यामुळे खात्याचा नियम त्यांना लागू होत नाही.

याच्या पुढची पायरी ईबीपीएफची, म्हणजे कर्नलमध्येच छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीची. बीसीसी संचातील टीसीपी-कनेक्ट हे साधन प्रत्येक जोडणी प्रोसेसच्या नावासह, ती कितीही अल्पायुषी असली तरी, दाखवते. त्याच संचातील एसएसएल-स्निफ मजकूर कूटबद्ध होण्याआधी वाचू शकते, परंतु ते यंत्रावरील सामायिक लायब्ररीला हुक लावते. नोड ओपनएसएसएल बहुधा स्वतःच्या पोटातच बाळगतो आणि गो भाषेचे टीएलएस तिचे स्वतःचे आहे, त्यामुळे नेमक्या एआय साधनांच्या बाबतीत ते पुष्कळदा काहीच दाखवत नाही. रिकामा पडदा म्हणजे संवाद नाही, असा निष्कर्ष इथे काढू नये.

कुठे थांबावे

यंत्र अनेकांच्या वापराचे असेल तर चौथ्या तपासणीतील संदेश वाचणे आणि सहाव्यातील प्रॉक्सी, ही दोन्ही कामे लेखी परवानगीशिवाय सुरूच करू नयेत. त्यात इतरांचा खासगी मजकूर वाचला जातो, आणि उद्देश सुरक्षेचा होता हे नंतर सांगून भागत नाही. चालू सेवेच्या यंत्रावर फायरवॉलचे नियम दुरून बदलताना आपलीच वाट बंद होऊ शकते, तेव्हा त्या कामाची सवय नसेल तर सातवी तपासणी प्रणाली-प्रशासकाकडे द्यावी.

तपासताना गुप्त कळा, पासवर्ड किंवा न मागितलेल्या फायलींचा मजकूर बाहेर जाताना प्रत्यक्ष दिसला, तर निवारण तेथेच थांबवून सुरक्षा-तज्ज्ञाला बोलवावे. ज्या प्रोसेसची मूळ फाईल डिस्कवरून पुसलेली दाखवली जाते, तिच्याबाबतही तसेच करावे. फक्त नुकतेच पॅकेज अद्ययावत केल्यावरही हेच दिसते, म्हणून तेवढे आधी पडताळून घ्यावे. तज्ज्ञ येईपर्यंत यंत्र नेटवर्कपासून तोडावे, पण बंद किंवा रीबूट करू नये, कारण चालू प्रोसेस आणि त्यांची मेमरी हाच पुरावा असतो. कळा बदलायच्या त्या दुसऱ्या, विश्वासाच्या यंत्रावरून बदलाव्यात. तज्ज्ञाच्या हाती एसएसची यादी, प्रोसेसचे झाड, टीसीपीडंपची फाईल आणि आपण कोणती कमांड किती वाजता चालवली याची साधी टिपणे द्यावीत. त्या टिपणांवरूनच त्याला आपल्या हालचाली आणि घुसखोराच्या हालचाली वेगळ्या काढता येतात.